मोकळीक कोणासाठी?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

ख्रिस्ती माणसाला खाण्यापिण्याचे बंधन नसते, ही समजूत आपल्याकडे जुनी आहे. कोणी ख्रिस्ती झाला की तो 'सुटला', आता त्याला काहीही चालते, असे लोक म्हणत. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही नामवंत मंडळींनी चहा घेतला, एवढ्यावरून ग्रामण्य माजले आणि लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांनाही शेवटी प्रायश्चित्त घ्यावे लागले. चहाच्या पेल्याच्या एका बाजूला बंधन आणि दुसऱ्या बाजूला निव्वळ मोकळीक, असे त्या काळच्या लोकांच्या मनातले चित्र होते.

या चित्रात अर्धे सत्य आहे. बाहेरून पोटात जाणारे अन्न माणसाला विटाळत नाही, मनातून निघणारे वाईट विटाळते, अशी येशूची शिकवण मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात आली आहे. पुढे पहिल्या शतकातल्या मंडळीने, म्हणजे ख्रिस्ती समाजाने, मोजकी पथ्ये वगळता यहुदी आचारनियम बिगरयहुदी अनुयायांवर लादायचे नाहीत, असे ठरवले. तेव्हा मोकळीक खरीच आहे. पण ती मिळाल्यावर तिचे करायचे काय? माझ्या मोकळिकीने शेजाऱ्याला इजा होत असेल तर? आणि शेजाऱ्याला जपता जपता मीच पुन्हा बांधली गेले तर? ख्रिस्ती विचारात या प्रश्नांची चर्चा सुमारे दोन हजार वर्षे चालू आहे. तिची सुरुवात झाली ती मटणावरून.

ग्रीसमधले करिंथ हे त्या काळचे गजबजलेले बंदरी शहर. रोमन सैन्याने ते इ. स. पू. १४६ मध्ये उद्ध्वस्त केले होते. इ. स. पू. ४४ मध्ये ज्युलियस सीझरने तिथे नवी वसाहत उभारली. दोन समुद्रांमधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेल्या या गावाला दोन्ही बाजूंना बंदरे होती. व्यापारी, खलाशी, कारागीर, गुलाम, मुक्त झालेले गुलाम असा सगळा मेळा तिथे होता. इ. स. ५० च्या सुमारास पौल नावाचा यहुदी कारागीर-प्रचारक तिथे आला. तो तंबू शिवण्याचे काम करी. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या समव्यवसायी दांपत्याकडे राहून, हाताने काम करून त्याने दीड वर्ष तिथे प्रचार केला आणि एक छोटी मंडळी उभी राहिली. पुढे तो इफिस शहरी असताना करिंथहून त्याला पत्र आले. त्यात इतर प्रश्नांबरोबर एक प्रश्न होता, मूर्तीला दाखवलेल्या नैवेद्याचे मांस खावे की नाही?

आपल्याला हा प्रश्न समजायला कठीण जाऊ नये. गावच्या जत्रेत म्हसोबापुढे बोकड पडतो, मटण शिजते, भावकी आणि पाव्हणेरावळे पंगतीला बसतात. जेवण हा तिथे धर्माचाही भाग असतो आणि नात्याचाही. करिंथमध्ये असेच होते. देवळात बळी दिला की काही भाग वेदीवर जाई, काही पुजाऱ्यांना मिळे, काही यजमानाच्या पंगतीत वाढला जाई आणि उरलेला बाजारात विकायला येई. वैद्यदेव अस्क्लेपियसच्या देवळालगत पंगतीच्या तीन खोल्या पुरातत्त्वज्ञांना उत्खननात सापडल्या आहेत. लग्नकार्य, व्यवसायसंघाची सभा, आजारातून बरे झाल्याचा आनंद, अशा जेवणावळींचे स्थळ देऊळच असे. निमंत्रण नाकारणे म्हणजे समाजातून बाहेर पडणे. आपल्या खेड्यांतल्या ख्रिस्ती कुटुंबांपुढे जत्रेच्या निमंत्रणाने हाच प्रश्न उभा राहतो. जायचे का, गेलो तर काय खायचे, आणि नाही गेलो तर उद्या विहिरीवर गाठ पडेल तेव्हा काय बोलायचे?

करिंथच्या मंडळीत या प्रश्नावर दोन तट पडले. एक पक्ष म्हणे, देव एकच आहे, मूर्तीत काही नाही, मग तिला दाखवलेले मांस हे नुसते मांस आहे. ते खाल्ल्याने काय बिघडते? आम्हांला सर्व गोष्टींची मोकळीक आहे. दुसऱ्या पक्षातली माणसे कालपरवापर्यंत याच देवळांत डोके टेकत होती. तिथला धूप, तिथले गाणे, तिथली भीती त्यांच्या अंगात मुरलेली होती. ते मांस तोंडात घातले की त्यांना आपण पुन्हा जुन्या देवाच्या पायाशी गेलो असे वाटे. पौलाने या दुसऱ्या लोकांची सदसद्विवेकबुद्धी 'दुर्बळ' आहे असे म्हटले आहे. हा शब्द त्याने हिणवण्यासाठी वापरलेला नाही. दुखऱ्या पायाला आपण जपून चालवतो, तशा अर्थाने तो आला आहे.

पौलाचे उत्तर पहिल्या पत्राच्या आठव्या ते दहाव्या अध्यायांत पसरले आहे. गंमत अशी, की तत्त्वाच्या बाबतीत तो पहिल्या पक्षाच्या बाजूचा आहे. मूर्ती म्हणजे काही नाही, हे त्याला मान्य आहे. पण एवढे कबूल करून तो लगेच विचारतो, तुमचे हे ज्ञान तुम्हांला कुठे नेत आहे? ज्ञानाने माणूस फुगतो, प्रेमाने तो दुसऱ्याला उभा करतो, असा त्याच्या म्हणण्याचा रोख आहे. तुम्ही देवळातल्या पंगतीत बसलेले पाहून तो दुर्बळ भाऊ आपले मन मारून तुमच्याबरोबर जेवील आणि आतून मोडेल. तुमचे बरोबर असणे त्याला फार महागात पडेल. मग ते बरोबर असणे काय कामाचे?

यापुढे पौल सरसकट बंदी घालील असे वाटते. तो तसे करत नाही. तो प्रसंगांची फोड करतो. देवळातल्या पंगतीत बसणे म्हणजे त्या उपासनेत भाग घेणे, म्हणून ते नको. बाजारात मांस विकत घ्यायचे असेल तर खुशाल घ्यावे, ते कुठून आले याची चौकशी करत बसू नये. दुसऱ्या धर्माच्या माणसाने घरी जेवायला बोलावले आणि जावेसे वाटले, तर जावे आणि पानात पडेल ते खावे. मात्र शेजारी बसलेला कोणी म्हणाला की हा नैवेद्य आहे, तर हात आवरावा. हा आवरणे स्वतःच्या मनासाठी नव्हे, त्या सांगणाऱ्याच्या मनासाठी.

या तीन प्रसंगांतून एक गोष्ट स्पष्ट होते. पदार्थ तोच, खाणारा तोच, तरी उत्तर बदलते, कारण समोरचा माणूस बदलतो. नियमांच्या पुस्तकात असे उत्तर सापडत नाही. नियम पदार्थाकडे पाहतो, पौल माणसाकडे पाहायला सांगतो. पत्रात 'हक्क' या अर्थाने 'एक्सूसिया' असा ग्रीक शब्द येतो. तुमचा हा हक्क दुर्बळांच्या वाटेतली धोंड होऊ नये, एवढीच त्याची मागणी आहे.

आता थोडे खोलात जाऊ. सोडायला सांगितले आहे ते कोणाला? गेर्ड थाइसन या जर्मन अभ्यासकाने १९७० च्या दशकात या प्रश्नाकडे लक्ष वेधले. करिंथमधल्या गरिबाच्या ताटात मांस येई ते सणासुदीला, सार्वजनिक जेवणात. त्यामुळे मांस आणि देऊळ यांची त्याच्या मनात गाठ बसलेली. ज्यांना मांस नेहमीचे होते, ज्यांना मोठमोठ्या घरांतून आमंत्रणे येत, ज्यांना देवळातल्या पंगती चुकवणे व्यवहाराच्या दृष्टीने तोट्याचे होते, ते थोडे सुस्थितीतले लोक. 'आम्हांला सर्व मोकळे आहे' ही त्यांची भाषा. याच पत्राच्या अकराव्या अध्यायात पौल मंडळीच्या सामुदायिक भोजनाबद्दल रागावला आहे. तिथे काही जण आधीच जेवून पिऊन तर्र होत आणि काही उपाशी राहत. तेव्हा या वादामागे श्रीमंत-गरीब, मानाचा-बिनमानाचा हा भेदही होता, असे समजायला जागा आहे. पौल सोडायला सांगतो ते बळ असलेल्याला. ज्याच्याजवळ आधीच काही नाही त्याच्याकडे त्याने त्याग मागितला नाही. हा मुद्दा मी पुन्हा घेणार आहे, कारण पुढे इतिहासात तो वारंवार विसरला गेला.

दुसऱ्याला सांगण्याआधी पौलाने स्वतःचे उदाहरण पुढे ठेवले. नववा अध्याय वाचताना प्रथम वाटते की हा भलतीकडेच गेला. प्रचारकाला मंडळीकडून पोटाला मिळण्याचा हक्क आहे, हे तो एकामागून एक दाखले देऊन सिद्ध करतो. शिपाई, माळी, मेंढपाळ, मळणीचा बैल, देवळातला पुजारी, सगळ्यांना कामातून पोट भरण्याचा हक्क आहे. हक्क पुरता सिद्ध झाल्यावर तो सांगतो की मी तो वापरलेला नाही. कारण घेणे सुरू झाले असते, तर देणाऱ्यांचा मिंधेपणा आला असता आणि ऐकणाऱ्याच्या वाटेत अडथळा आला असता. आपला हक्क नीट ओळखून, मग तो कोणासाठी तरी बाजूला ठेवणे, असा हा क्रम आहे. हक्कच माहीत नसलेल्याने तो सोडला, तर त्याला त्याग म्हणत नाहीत.

इथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल, हे फार छान आहे, पण यातून एक मोठा धोका निघतो. दुर्बळाच्या मनाला इतके जपायचे म्हटले, तर कुरकुर करणारा प्रत्येक माणूस सगळ्यांना वेठीला धरील. माझे मन दुखावते, असे म्हटले की झाले. पौलाला हा धोका माहीत होता, असे त्याच्या वागण्यावरून दिसते. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात अंत्युखिया शहरातला एक प्रसंग आहे. पेत्र हा येशूचा थोरला शिष्य तिथे बिगरयहुदी बांधवांबरोबर एका पंगतीला जेवत असे. मग यरुशलेमहून काही कर्मठ मंडळी आली. त्यांच्या भीतीने पेत्र हळूहळू त्या पंगतीतून उठू लागला. त्याचे पाहून बर्णबासारखा चांगला माणूसही उठला. पौलाने पेत्राला सर्वांदेखत तोंडावर खडसावले.

करिंथमध्ये दुसऱ्याच्या मनासाठी घास सोड म्हणणारा पौल अंत्युखियात दुसऱ्याच्या मनासाठी पंगत सोडणाऱ्यावर का चिडला? कारण करिंथमध्ये घास सोडल्याने दुर्बळ माणूस पंगतीत टिकत होता. अंत्युखियात पंगत सोडल्याने दुर्बळ माणूस बाहेर पडत होता, तुम्ही आमच्या बरोबरीचे नाही असे त्याला सांगितले जात होते. तीमथ्य आणि तीत या त्याच्या दोन तरुण सहकाऱ्यांची गोष्टही अशीच. तीमथ्याची आई यहुदी होती. यहुद्यांमध्ये काम करताना अडचण नको म्हणून पौलाने त्याची सुंता करवली. तीत ग्रीक होता. त्याची सुंता झालीच पाहिजे अशा मताचे दडपण आले, तेव्हा पौलाने साफ नकार दिला. आपण होऊन दिले ते प्रेम. पिळून घेतले तर ती गुलामी, आणि तिथे नमते घ्यायचे नाही.

पंधराशे वर्षांनी युरोपात हाच विषय पुन्हा पेटला. मार्टिन ल्यूथर या जर्मन संन्यासी-प्राध्यापकाने १५२० साली ख्रिस्ती मनुष्याच्या स्वातंत्र्यावर एक छोटेखानी ग्रंथ लिहिला आणि पोप दहावा लिओ याला उद्देशून पत्र जोडून तो प्रसिद्ध केला. त्याचा गाभा दोन परस्परविरोधी वाटणाऱ्या विधानांत आहे. श्रद्धेने ख्रिस्ती माणूस कोणाचाही ताबेदार राहत नाही, आणि प्रेमाने तो प्रत्येकाचा चाकर होतो. देवाची मर्जी मिळवण्यासाठी उपास, यात्रा, दानधर्म यांची पुंजी साठवावी लागत नाही, म्हणूनच त्याचे हात शेजाऱ्याच्या कामाला मोकळे होतात, असा तो युक्तिवाद.

दोनच वर्षांत या विचाराची कसोटी लागली. ल्यूथर वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपून होता. इकडे विटेनबर्गमध्ये त्याच्या सहकाऱ्यांनी सुधारणांचा धडाका लावला. मिसाविधी बदलला, मूर्ती आणि चित्रे हटवण्याची घाई सुरू झाली. सामान्य भाविक भांबावले. १५२२ च्या मार्चमध्ये ल्यूथर जीव धोक्यात घालून परतला आणि त्याने आठ दिवस रोज एक प्रवचन दिले. सुधारणा बरोबर आहेत, पण ज्यांची अजून तयारी नाही त्यांना फरफटत नेण्याचा अधिकार तुम्हांला कोणी दिला, हा त्याचा सवाल होता. आई मुलाला आधी दूध देते, घट्ट अन्न मागाहून. जबरदस्तीने लादलेली मोकळीक हे नवे बंधनच.

त्याच महिन्यात स्वित्झर्लंडमधल्या झुरिक शहरात फ्रोशाउअर या मुद्रकाच्या घरी उपासकाळात सॉसेज खाल्ले गेले आणि गाव पेटले. फ्रँकफर्टच्या जत्रेसाठी पुस्तके छापायची घाई आहे, माझे कामगार रात्रंदिवस राबत आहेत, त्यांना जेवायला काही हवे, असे फ्रोशाउअरचे म्हणणे होते. धर्मसुधारक झ्विंग्ली तिथे हजर होता. त्याने स्वतः खाल्ले नाही, पण खाणाऱ्यांची बाजू मात्र त्याने प्रवचनातून आणि पुस्तिकेतून मांडली. खाण्याची मोकळीक आहे, पण ज्याला अजून समजलेले नाही त्याला डिवचू नका, समजावून घ्या, असे त्याचे सांगणे होते. स्वतः न खाता दुसऱ्याच्या खाण्याच्या हक्कासाठी उभे राहायचे, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

या कथेची काळी बाजूही सांगायला हवी. १५२५ साली जर्मनीतल्या शेतकऱ्यांनी मेमिंगेन येथे बारा मागण्यांचा जाहीरनामा काढला. ख्रिस्ताने धनगरालाही सोडवले आणि सरदारालाही, मग आम्ही कोणाचे वेठबिगार का असावे, असा त्यांचा प्रश्न होता. आत्म्याच्या स्वातंत्र्याची आणि जमिनीवरच्या स्वातंत्र्याची गल्लत करू नका, असे ल्यूथरने त्यांना ऐकवले. बंड भडकल्यावर तर त्याने राजेसरदारांना कठोर उपाय करायला चिथावले. हजारो शेतकरी मारले गेले. शेजाऱ्याचा चाकर हो, ही शिकवण जो आधीच चाकर आहे त्याला ऐकवली की तिचा अर्थ उलटा होतो. बलवानाने खाली वाकावे म्हणून सांगितलेली गोष्ट दुर्बळाला वाकवून ठेवायला वापरली जाते.

आपल्या देशात ही कसोटी जातीच्या रूपाने आली. तमिळ प्रदेशातल्या मंडळ्यांत वरच्या जातीचे ख्रिस्ती वेगळे बसत आणि प्रभुभोजनाचा पेला आधी घेत. त्यांचे मन हळूहळू तयार होईल, तोवर सांभाळून घ्यावे, असे अनेक मिशनऱ्यांचे मत होते. हा करिंथचा युक्तिवाद. कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी १८३३ साली पत्र काढून सांगितले की जातिभेद मंडळीत ठेवता येणार नाही, तो ताबडतोब आणि कायमचा गेला पाहिजे. तंजावरकडच्या अनेकांनी त्यापायी चर्च सोडले. तरी विल्सन यांचे बरोबर होते असे मला वाटते. ही करिंथची पंगत नव्हती, अंत्युखियाची होती. मागे बसवलेल्या माणसाच्या मनाची विचारपूस कोणी केली होती? जातीचा प्रश्न मात्र एका पत्राने सुटला नाही. चर्चमधल्या जातिभेदाविरुद्ध दलित ख्रिस्ती मंडळींना आजही बोलावे लागते.

महाराष्ट्रात हा सगळा विचार एका व्यक्तीच्या आयुष्यात पाहायचा असेल, तर पंडिता रमाबाईंकडे पाहावे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपल्या समजुतीप्रमाणे त्या 'सुटल्या' होत्या. पण त्यांनी शाकाहार सोडला नाही. मठातल्या भगिनींना ही जातीच्या अभिमानाची खूण वाटली. रमाबाईंनी पत्रांतून ठणकावले की मी हिंदी आहे, माझ्या वाडवडिलांच्या ज्या चालींत वाईट नाही त्या मी सोडणार नाही. चेल्टनहॅमला असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही याबद्दल हिंदुस्थानातल्या बिशपांनी मत दिले, तेव्हाही त्यांनी आपल्या मतस्वातंत्र्याचा आग्रह धरला. ख्रिस्ती झाल्याने मी एका धर्माधिकाऱ्याच्या हातून सुटून दुसऱ्याच्या हाती पडलेले नाही, असा त्यांचा एकूण पवित्रा होता. ही पत्रे १९७७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आहेत. तीताच्या बाबतीत पौल जसा अडून बसला, तसेच हे.

त्याच रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत 'शारदा सदन' सुरू केले. तिथे उच्चवर्णीय विधवा शिकायला येत. त्यांना आपापले आचार, सोवळे-ओवळे पाळण्याची मुभा रमाबाईंनी दिली. स्वतः जात मानत नसताना दुसरीच्या सोवळ्यासाठी वेगळी सोय करायची, याला सोपे म्हणता येणार नाही. पण एरवी ती मुलगी शिकायला येऊच शकली नसती. मग स्वतःच्या श्रद्धेचे काय? ती त्यांनी लपवली नाही. त्या आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत, ज्या मुलीला यावेसे वाटे ती येऊन बसे. यावरून पुण्यात वादळ उठले. १८९३ साली रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले, पालकांनी बऱ्याच मुलींना काढून नेले. मुलींवर प्रभाव पडतो हा टीकाकारांचा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता, कारण आश्रय देणारी व्यक्ती आणि आश्रित मुली यांच्यात बळाचा फरक असतोच. पण दार बंद करून प्रार्थना करा, ही अट रमाबाईंनी मानली नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपासमारीत सापडलेल्या मुली केडगावला आणल्या. पुढे मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्यात त्यांनी उरलेले आयुष्य घालवले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. मोकळीक कुठे वापरायची आणि कुठे बाजूला ठेवायची, याचे तारतम्य त्यांच्या चरित्रात पानोपानी दिसते.

एकाच्या मोकळिकीची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते, याचे आपल्या ओळखीचे उदाहरण म्हणजे लक्ष्मीबाई टिळक. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. निर्णय त्यांचा, पण संसार दोघांचा. पुढची काही वर्षे लक्ष्मीबाईंनी ताटातुटीत आणि लोकांची बोलणी ऐकत काढली. त्या पुन्हा एकत्र राहायला आल्या तेव्हाही त्यांचे सोवळे चालू होते. टिळकांनी ते मोडायला लावले नाही. पुढे त्यांना स्वतःलाच जातिभेदाचा फोलपणा उमगला आणि त्यांनी आपण होऊन तो टाकला. 'स्मृतिचित्रे' वाचताना आपण हसतो खरे, पण माणसाने आपल्या विवेकबुद्धीला अनुसरून पाऊल उचलले, तरी शेजारी उभे असलेल्याच्या अंगावर त्याचे शिंतोडे उडतात, हे त्या पुस्तकाइतके स्वच्छ क्वचितच कोणी सांगितले असेल.

आता आपल्या रोजच्या जगण्याकडे येऊ. मी ज्या चाळीत वाढले तिथे आमच्या शेजारी वारकरी कुटुंब होते. आषाढी एकादशीला आमची आई मासळी आणत नसे. कोणी तसे सांगितले नव्हते. शेजारच्या काकू दिवसभर उपाशी असतात आणि आपल्याकडे तळणाचा वास सुटायचा, हे तिला बरे वाटत नसे. नाताळात त्याच काकू करंज्या करायला आमच्याकडे येऊन बसत. यात कोणाचा धर्म बुडाला नाही. आता कल्पना करा की चाळीने ठराव करून आम्हांला मासळी बंद केली असती. ताटात तेवढेच पडले असते, पण अर्थ पार बदलला असता. आईचे न आणणे ही तिची देणगी होती, ठरावाने झाले असते तर तो दंड झाला असता. ठराव करणाऱ्यांना 'आमचे मन दुखते' असे म्हणता आले असते, पण वीस घरांच्या चाळीत एकटे घर कोणते, हेही पाहावे लागते. पौलाची शिकवण बळ असलेल्याने स्वतःला लावून घ्यायची आहे. संख्येने मोठ्या असलेल्यांनी ती थोडक्यांना ऐकवायची नाही.

हीच कसोटी ख्रिस्ती समाजाने स्वतःलाही लावायला हवी. करोनाच्या साथीत, २०२० च्या मार्चपासून, जगभरातली चर्चे बंद झाली. २७ मार्चला पोप फ्रान्सिस यांनी सेंट पीटर चौकात पावसात, समोर चिटपाखरू नसताना प्रार्थना केली. १२ एप्रिलचा पुनरुत्थानाचा सण लाखो कुटुंबांनी घरीच केला. काही ठिकाणी मात्र उपासनेचे स्वातंत्र्य म्हणून बंधने मोडली गेली, वाद न्यायालयांत गेले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २५ नोव्हेंबर २०२० रोजी पाच विरुद्ध चार अशा मतांनी न्यूयॉर्कमधल्या प्रार्थनास्थळांवरच्या संख्यामर्यादेला स्थगिती दिली. कायद्याचा तो निकाल आपल्या जागी असेल. पण हक्क आहे हे ठरल्यावर ख्रिस्ती माणसाचा विचार संपत नाही, तिथे तो सुरू होतो. हक्क आहे, पण माझ्या शेजारच्या बाकावर सत्तर वर्षांची दमेकरी आजी बसते, तिचे काय? करिंथच्या पत्राचा नववा अध्याय इथे पुन्हा उघडावा लागतो.

म्हणून मला स्वतःला तीन प्रश्न विचारायची सवय लागली आहे. ही मोकळीक खरोखर माझी आहे का, की मी नुसता हट्ट करते आहे? ती वापरली तर कोण मोडेल, आणि सोडली तर कोण बाहेर फेकले जाईल? आणि सोडण्याची किंमत कोणाच्या खिशातून जाते, माझ्या की दुसऱ्याच्या? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'दुसऱ्याच्या' असे आले, तर आपण त्यागाच्या गोष्टी बोलू नयेत.

या प्रश्नांनी सगळे वाद मिटतात असे नाही. दुर्बळ कोण आणि हटवादी कोण, हे ओळखताना पेत्रासारखा मोठा माणूसही चुकला. जत्रेचे निमंत्रण आले की एका घरातले दोन भाऊ वेगवेगळे उत्तर देतील, आणि दोघेही मनापासून देतील. पौलाने रोमकरांस लिहिताना अशा दोघांना एकच गोष्ट सांगितली. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोषी ठरवू नये. दोन्ही भावांना संध्याकाळी एकाच ओट्यावर येऊन बसता आले पाहिजे.